वजन कुठल्या शब्दावर

ऑक्टोबरच्या मध्यावर एक सकाळ अशी उगवते की घर गरम करणारी फर्नेस पहिल्यांदा सुरू करावी लागते. उन्हाळाभर तिच्या नळ्यांत बसलेली धूळ जळते आणि घरभर करपट वास पसरतो. मिशिगनमधल्या ॲन आर्बरमध्ये आयुष्य काढलेल्या आम्हा लोकांना तो वास म्हणजे थंडीची वर्दी. बाकीचे खिडक्या उघडतात. मी उघडत नाही. चहाचा कप घेऊन जमिनीतल्या गरम हवेच्या जाळीजवळ उभी राहते आणि तो वास जाईपर्यंत हलत नाही. त्या वासाबरोबर ऐंशीच्या दशकातली ती पानगळ येते, आणि पानगळीबरोबर गॅरी येतो. राग जुना झाला की आपोआप निवतो, असं मला अनेकांनी समजावलंय. माझा निवला नाही. मी त्याला निवू दिलं नाही.

तेव्हा आम्ही नव्यानेच इथे आलो होतो. माझा नवरा श्रीकांत युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत होता आणि मी गावाबाहेरच्या एका कंपनीत इंजिनियर होते. कंपनी गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनवायची. श्रीकांतच्या स्कॉलरशिपमध्ये जेमतेम भाडं निघायचं, आणि आमच्या ग्रीन कार्डचा अर्ज माझ्या नोकरीवर उभा होता. ती नोकरी गेली असती तर घर, अर्ज, त्याचं शिक्षण, सगळंच गेलं असतं. आम्ही एका लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो. खिडकीबाहेर दोन मेपल होते. शनिवारी फुटबॉलची मॅच असली की स्टेडियममधली गर्जना झाडांवरून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायची आणि कुकरच्या शिट्टीत मिसळायची.

इंग्रजीची मला भीती नव्हती. सांगलीच्या शाळेत आम्हाला देशपांडे बाई इंग्रजी शिकवायच्या. प्रत्येक शब्द स्वच्छ, अखंड, शेवटच्या अक्षरापर्यंत म्हणायचा; शब्द खाल्लेला त्यांना खपायचा नाही. मी वर्गात धडा वाचायला उभी राहिले की बाई डोळे मिटून ऐकायच्या. तेच इंग्रजी घेऊन मी मिशिगनला आले होते. एकही शब्द न खाणारं, प्रत्येकाला सारखा मान देणारं.

त्या वर्षी आमच्या ग्रुपकडे पायाने दाबायच्या पार्किंग ब्रेकच्या पेडलचं नवं ब्रॅकेट होतं. पेडलला गाडीच्या अंगाशी घट्ट धरून ठेवणारा तळहाताएवढा पोलादी तुकडा. तो पुन्हा पुन्हा दाबून, तुटेपर्यंत तपासायचा, हे माझं काम. लॅबमध्ये त्यासाठी दोन मशीन्स होती. जुनं मशीन सरळ दाब द्यायचं. नवं मशीन तिरका दाब द्यायचं, माणसाचा पाय देतो तसा. हे ब्रॅकेट तिरक्या दाबाखालीच कच खाईल, असं मला ड्रॉइंग बघूनच वाटत होतं.

म्हणून ऑगस्टमधल्या मीटिंगमध्ये मी म्हणाले, "वी शुड नॉट टेस्ट धिस ऑन द ओल्ड मशीन." जुन्या मशीनवर ह्याची टेस्ट करू नये. देशपांडे बाईंनी शिकवल्याप्रमाणे म्हणाले. कुठेही चढ नाही, उतार नाही. टेबलाभोवतीच्या लोकांनी माना हलवल्या आणि पुढचा विषय निघाला.

गॅरी आमच्या ग्रुपचा प्रमुख होता. वय चाळिशीच्या आतबाहेर, हसरा, सगळ्यांच्या मुलांची नावं लक्षात ठेवणारा. मीटिंग संपल्यावर त्याने मला कॉफीच्या मशीनपाशी गाठलं. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"म्हणजे तुला नवं मशीन हवंय?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"ते महिनाभर दुसऱ्या प्रोजेक्टला दिलंय."

"मग थांबावं लागेल."

"ओके, पॅडमा," तो म्हणाला. माझं नाव पद्मा. त्याच्या तोंडी ते कायम पॅडमा असायचं.

म्हणजे त्याला समजलं होतं. माझ्या सपाट वाक्यातला नेमका शब्द त्याने उचलला होता. पुढची सगळी गोष्ट या एका मुद्द्यावर उभी आहे, म्हणून तो मी आधीच सांगून ठेवते. त्याला समजलं होतं.

थांबलं असतं तर ब्रॅकेट द्यायची तारीख चुकली असती. जुन्या मशीनला मी नको म्हटलं होतं. त्याने दोन्ही मशीन्सचा नाद सोडला आणि टेस्ट न करताच ब्रॅकेट गाडीच्या कंपनीला पाठवून दिलं. मला वाटत होतं, आपण अजून मशीन मोकळं व्हायची वाट बघतोय. सप्टेंबर संपताना त्या कंपनीच्या आवारात, चढावर उभी केलेली एक गाडी ब्रॅकेट तुटून मागे घरंगळली. मागे एक मेकॅनिक वाकून काम करत होता. त्याच्या मांडीचं हाड मोडलं.

ज्या सकाळी आमच्या घरची फर्नेस पहिल्यांदा पेटली, त्याच सकाळी चौकशीची मीटिंग होती. माझ्या स्वेटरला तो करपट वास येत होता. विभागाच्या मॅनेजरने विचारलं, "टेस्ट का झाली नाही?" गॅरीने खांदे उडवले आणि म्हणाला, "पॅडमा सेड वी शुड नॉट टेस्ट धिस."

तिथेच तो थांबला. माझ्या वाक्याचा मागचा भाग त्याने सोडूनच दिला. आणि पुढचा भाग माझ्या आवाजात म्हणाला: एकेक शब्द सुटा, मण्यासारखा टाकलेला, मान किंचित डोलवत. दोघेतिघे हसले. मॅनेजरने इतरांकडे बघितलं, आणि ते एकमेकांकडे बघून म्हणाले, हो, असंच काहीतरी म्हणाली होती.

ते खोटं बोलत नव्हते, हेच मला जास्त झोंबलं. इंग्रजी कान वाक्यातला वजनदार शब्द टिपतो आणि बाकीचे वाहून जाऊ देतो. मी कुठल्याच शब्दावर वजन दिलं नव्हतं, तेव्हा ज्याने त्याने आपल्या सोयीने 'नॉट' तेवढा लक्षात ठेवला होता. 'ओल्ड' कोणाच्याही डोक्यात शिल्लक नव्हता.

"ऑन द ओल्ड मशीन," मी म्हणाले. "आय सेड ऑन द ओल्ड मशीन." माझा आवाज चढला, पण सगळ्या शब्दांवर सारखाच चढला. खोलीतल्या लोकांना फक्त एक चिडलेली बाई ऐकू आली. "टेक इट ईझी, पॅडमा," मॅनेजर म्हणाला. मी कॉफीच्या मशीनपाशी झालेलं बोलणं सांगितलं. गॅरी शांतपणे म्हणाला, असं काही झाल्याचं त्याला आठवत नाही. तेवढं बोलताना तो आपल्या पेनाच्या टोपणाकडे बघत होता.

त्या आठवड्यात मला लॅबमधून काढलं. फोटोकॉपीच्या मशीनशेजारी टेबल मिळालं आणि दुसऱ्यांची ड्रॉइंग्ज तपासायचं काम. त्या मशीनचा गरम, शाईचा श्वास दिवसभर माझ्या मानेवर यायचा. ग्रीन कार्डच्या अर्जाचं काय करायचं ते नव्या वर्षात बघू, असंही मॅनेजरने जाता जाता सांगितलं.

घरी श्रीकांत म्हणाला, "तू सगळं लिहून दे ना त्यांना."

"लिहून काय होणार? शब्द त्यानेही माझेच वापरलेत."

"अर्धेच वापरलेत ना?"

"उरलेले अर्धे कोणी ऐकलेच नाहीत रे. मी ते ऐकवलेच नाहीत."

हे तोंडातून निघालं तेव्हा मी स्वतःच चमकले. ताटातला भात तसाच ठेवून विचार करत बसले. मी सांगितलं नाही. मीच सांगितलं नाही. मी सांगितलंच नाही. मी तर सांगितलं नाही. आपल्याकडे जोर असा शब्दांना चिकटवता येतो. 'च' लावला, 'तर' लावला, शब्द इकडचा तिकडे केला की झालं. कागदावर लिहिला तरी तो तिथेच राहतो आणि दुसऱ्याने वाचला तरी त्याला सापडतो. इंग्रजी माणूस तो जोर तोंडात ठेवतो. म्हणताना दिला तर दिला. नाही दिला तर मागाहून कोर्टात गेलात तरी तो मिळायचा नाही.

खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीण राहायच्या, मिसेस व्हॅनडायक. एका हायस्कूलमध्ये त्यांनी आयुष्यभर मुलांची नाटकं बसवली होती. निवृत्त झाल्या तरी आवाज अंगणाच्या त्या टोकापर्यंत जायचा. त्या रविवारी आम्ही दोघी पानं गोळा करत होतो. ओली पानं लांब दांड्याच्या पंज्याला चिकटत होती, त्यांना कुजट-गोड वास येत होता. माझा पंजा गवतापेक्षा मातीच जास्त ओढतोय हे त्यांनी बघितलं आणि विचारलं, काय झालंय. मी सांगून टाकलं.

त्या आपल्या पंज्याच्या दांड्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. "ते वाक्य म्हण."

मी म्हणाले.

"तू मला सगळे शब्द दिलेस," त्या म्हणाल्या. "त्यातला कुठला घेऊ, ते नाही सांगितलंस." मग एकदम विचारलं, "कुठलं मशीन?"

"ओल्ड."

"आता कशी म्हणालीस बघ. तस्सं वाक्यात म्हण. बाकीचे शब्द कुजबुजलीस तरी चालेल."

मी म्हणाले. पहिल्यांदा जमलं नाही. इतके शब्द गिळायचे म्हणजे मला बेअदबी वाटत होती, देशपांडे बाई मागे उभ्या असल्यासारखी. पण पुन्हा म्हणाले तेव्हा 'ओल्ड' अंगणात दगड पडावा तसा पडला.

त्या पानगळीत कामावरून आले की मी आधी त्यांच्या स्वयंपाकघरात जायची. त्या कॉफी करायच्या, पवनचक्कीच्या आकाराची मसालेदार बिस्किटं पुढ्यात ठेवायच्या आणि प्रश्न विचारायच्या. "श्रीकांत गाडी चालवत कामाला जातो?" मी म्हणायची, "नो, आय ड्राइव्ह." वजन 'आय'वर. "तू बसने जातेस?" "नो, आय ड्राइव्ह." वजन 'ड्राइव्ह'वर. शब्द तेच, उत्तरं दोन. मी चुकले की त्या बिस्किटाची बशी हळूच आपल्याकडे ओढायच्या.

"तुझ्या मनात काय आहे त्यावर वजन द्यायचं नसतं," त्या एकदा म्हणाल्या. "माझ्या प्रश्नात जे नाहीये, त्यावर द्यायचं. म्हणून आधी ऐक."

दुसऱ्या एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "हे तू नोकरीसाठी शिकतेयस का?"

"नाही. एका माणसासाठी."

त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. "मग नीट शिक," म्हणाल्या, आणि पुढचा प्रश्न विचारला.

कामावर जायचा रस्ता मक्याच्या कापलेल्या शेतांमधून जायचा. आमच्या तपकिरी खटाऱ्याचा हीटर पायांवर गरम आणि कानांवर गार हवा सोडायचा. तिथे मी मोठ्याने बोलायची. गॅरी न्यू. गॅरीला माहीत होतं. एकदा 'गॅरी'वर वजन, एकदा 'न्यू'वर. शेतांत उतरलेली रानटी बदकं उडून जायची. तशा वेळी मनातल्या मनात मी त्याचं काय काय करायची ते लिहिण्यासारखं नाही. मॅनेजरच्या खोलीत उभा करून त्याच्याकडून माझं पूर्ण वाक्य वदवून घ्यायची, हे त्यातलं सौम्य. मला न्याय नको होता. चूक झाली म्हणून कोणी माझा हात हातात घेतला असता, तर मला ते फारच थोडं वाटलं असतं. ज्या जागी त्याने मला कापलं, त्याच जागी मला तो कापलेला हवा होता.

कामावर मी त्याला ऐकायला लागले. फोटोकॉपीच्या मशीनपाशी सगळेच येतात. गॅरी 'आय विल लुक इनटू दॅट' म्हणताना 'लुक'वर रेलला, की ते काम कधीच होणार नसायचं. कोणाची स्तुती करताना शेवटच्या शब्दाआधी तो किंचित थांबायचा, आणि त्या थांबण्यात त्या माणसाची बदली होऊन जायची. तो यात उस्ताद होता. माझ्या वाक्याचं त्याने जे केलं ते चुकून झालेलं नव्हतं, याची उरलीसुरली शंका तिथे गेली. रियाजाला बसावं तसं मी त्याच्या आवाजाला बसले.

नोव्हेंबरात झाडं रिकामी झाली. थँक्सगिव्हिंगच्या आधी बातमी आली, ओहायोत कंपनीचा नवा कारखाना उघडतोय आणि त्याचा प्रमुख म्हणून गॅरीला पाठवणार आहेत. मुख्य ऑफिसातून मिस्टर लिंडक्विस्ट नावाचे एक वरिष्ठ गृहस्थ आले आणि गॅरीच्या हाताखालच्या प्रत्येकाला बोलावून थोडं थोडं बोलू लागले. ही नुसती रीत आहे, गॅरीचं पक्कं आहे, असं सगळे म्हणत होते.

माझी पाळी दुपारी आली. बाहेर कोरडा, पिठासारखा बर्फ भुरभुरत होता. लिंडक्विस्ट उंच, थकलेले, नम्र होते. त्यांनी माझं नाव नीट कसं म्हणायचं ते आधी विचारून घेतलं. मग एक-दोन साधे प्रश्न झाले, आणि पेन हातात धरून ते म्हणाले, "तुमच्या मते गॅरीच्या शब्दावर विश्वास ठेवता येतो का?"

मी ऐकलं. त्यांच्या प्रश्नात काय नाहीये ते शोधलं. कोणाला दिलेला शब्द, ते त्यांच्या प्रश्नात नव्हतं.

मी म्हणाले, "गॅरी हॅज नेव्हर लाइड टू मीऽ."

गॅरी माझ्याशी कधीच खोटं बोललेला नाही. हे खरं होतं. तो माझ्याबद्दल खोटं बोलला होता, माझ्याशी नाही. मराठीत मला हेच म्हणायला 'माझ्याशी तरी' म्हणावं लागलं असतं, आणि तो 'तरी' कोणीही बोटात पकडून मला दाखवला असता. इंग्रजीत काही जोडावं लागलं नाही. पहिले सगळे शब्द मी हलके सोडले, आणि शेवटचा ठेवला तिथेच उभा.

लिंडक्विस्टांचं पेन कागदावर टेकलं होतं, ते थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"टू यू," ते म्हणाले.

"येस."

यापुढे त्यांनी गॅरीचं नाव काढलं नाही. जाताना मात्र विचारलं, ऑगस्टच्या त्या मीटिंगमध्ये तुम्ही नेमकं काय म्हणाला होतात. मी ते वाक्य म्हणाले, अंगणात शिकले होते तसं. त्यांनी मान हलवली आणि मला दार उघडून दिलं.

त्या दुपारी ते लॅबमध्ये गेले, हे मला रॉनने मागाहून सांगितलं. रॉन लॅबमधल्या मशीन्सच्या पाळ्या लावायचा. लिंडक्विस्टांनी त्याला सहज विचारलं, ऑगस्टमध्ये नवं मशीन कोणी मागितलं होतं का. "हो, गॅरीने मागितलं होतं," रॉन म्हणाला. "महिन्याच्या आत मिळणार नाही म्हटल्यावर, जाऊ दे म्हणाला." ऑक्टोबरच्या चौकशीत हा प्रश्न रॉनला कोणी विचारलाच नव्हता. विचारण्यासारखं काही आहे, हे कोणाला ऐकूच आलं नव्हतं.

ओहायोला दुसऱ्याच कोणाला तरी पाठवलं. नाताळच्या आधी गॅरीला कंपनी सोडायला सांगितलं. मला लॅबमध्ये परत घेतलं, ग्रीन कार्डचा अर्ज पुढे सरकला. माफी कोणी मागितली नाही, आणि मला ती कोणाकडून नकोही होती.

शेवटच्या दिवशी गॅरी पुठ्ठ्याचं खोकं घेऊन माझ्या टेबलापाशी थांबला. खोक्यात फ्रेम केलेला कुटुंबाचा फोटो आणि काचेवरचा बर्फ खरवडायचं ब्रशवालं दांडकं होतं. चेहरा सुजल्यासारखा दिसत होता.

"लिंडक्विस्टला तू काय सांगितलंस?" त्याने विचारलं. "खरं सांग."

मी त्याला खरं तेच सांगितलं. तेच शब्द, त्याच क्रमाने. "गॅरी हॅज नेव्हर लाइड टू मी." फक्त जुन्या पद्धतीने म्हणाले, सांगलीच्या वर्गात म्हणायची तसं, प्रत्येक शब्द स्वच्छ, सगळ्यांना सारखं वजन.

तो ऐकत राहिला. एवढा उस्ताद, पण त्याला त्यात काहीच सापडलं नाही.

"एवढंच?"

"एवढंच."

"मोठ्या मनाची आहेस," तो म्हणाला. "थँक्स, पॅडमा."

तो माझे आभार मानून गेला. मी खिडकीतून बघितलं. गाडीच्या काचेवर बर्फ साचला होता आणि दांडकं खोक्याच्या तळाशी गेलं होतं, म्हणून तो कोटाच्या बाहीने काच पुसत होता. बराच वेळ पुसत होता. मी डबा उघडला आणि पोळी-भाजी खाल्ली. त्या थंडगार, सकाळच्या पोळीसारखी चवदार पोळी मी त्यानंतर फार वेळा खाल्लेली नाही.

पुढे काही वर्षं मी लोकांना सांगायची, मी हे त्या मेकॅनिकसाठी केलं. ऐकायला बरं वाटायचं. पण त्या मेकॅनिकचं नावसुद्धा मला माहीत नाही. मी ते माझ्यासाठी केलं. माझा आवाज माझ्यासमोर, भरलेल्या खोलीत, कोणी तरी काढून दाखवला होता, त्यासाठी केलं. आजही दुकानात एखादी नव्याने आलेली मुलगी सगळे शब्द सारख्या वजनाने म्हणताना ऐकली, आणि काउंटरपलीकडचा माणूस हसू दाबताना दिसला, की माझी नजर आधी त्याच्या नावाच्या बिल्ल्याकडे जाते.

माझी मुलगी मीरा इथेच जन्मली. आता दुसऱ्या राज्यात, बॉथेलला असते, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तरं इंग्रजीत देते. वाक्यातलं वजन तिला कोणी शिकवावं लागलं नाही. गेल्या आठवड्यात फोनवर मी तिला हे सगळं पहिल्यांदाच सांगितलं.

"आई, दॅट्स कोल्ड," ती म्हणाली.

"हो."

"ही हॅड किड्स, ना?"

"होती. दोन मुली."

"ॲन्ड यू नेव्हर फेल्ट बॅड? नॉट इव्हन अ लिटल?"

तिने 'लिटल'वर वजन दिलं होतं. माझ्यासाठी एक बारीकशी फट उघडी ठेवली होती, तिथून मला बाहेर पडता यावं म्हणून. चांगली मुलगी आहे.

"नाही," मी म्हणाले. एका शब्दाच्या वाक्यात वजन कुठे द्यायचं, हा प्रश्न येत नाही.